खोलीवर जेवू नका

९ जानेवारी

ती. बाबा,

नमस्कार. तुम्ही शहरात नीट पोचलात आणि खोली इस्पितळाच्या मागच्याच गल्लीत मिळाली, एवढा निरोप इथल्या ऑफिसात आला. बरं वाटलं. डॉक्टरांनी तुम्हाला मोबाइलच्या पडद्याकडे बघायला मनाई केली आहे आणि इथे बोगद्याच्या कामावर मोबाइलला रेंज नाही, म्हणजे आपली जोडी जमली. भाजीपाल्याचा ट्रक दर आठवड्याला डोंगर उतरून शहरात जातो. तोच आमचा पोस्टमन.

पहिलं सांगणं : खोलीवर जेवू नका. मी तुम्हाला ओळखते. आई गेल्यापासून तुम्ही एकटे कधी हॉटेलची पायरी चढला नाहीत. आता तुम्ही ब्रेड आणि दूध आणून ठेवाल, दोन्ही वेळा तेच खाल आणि पत्रात लिहाल, ‘जेवणाची सोय उत्तम.’ डोळ्यात इंजेक्शनं घ्यायची म्हणजे अंगात ताकद पाहिजे. आणि ते माझं शहर आहे. माझ्या शहरात येऊन माझे सासरे ब्रेड-दुधावर राहिले तर मला कुठे तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

तेव्हा ऐका. इस्पितळाच्या मागच्या दारासमोर दोन भावांचं सूपचं दुकान आहे. फक्त दुपारी उघडं असतं. भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे काय हवं ते थोरल्याला सांगायचं आणि वाढताना धाकट्याला पुन्हा सांगायचं. बार्लीचं सूप घ्या. संध्याकाळी बंदराकडे गेलात तर धक्क्यावर भाजलेल्या माशाची टपरी आहे. उभ्यानेच खावं लागतं. ‘काटे काढून द्या’ म्हणायला लाजू नका, तिथली बाई सगळ्यांनाच काढून देते. आणि फेरीबोटीच्या पायऱ्या उतरलात की डाव्या हाताला कॅप्टनचा बार. कॅप्टन ही बाई आहे. बोटीवर कधी गेलेली नाही, पण आवाज तसा आहे. माझी स्वतःची आई गेली त्या वर्षी मी परीक्षेचा अभ्यास तिच्या कोपऱ्यातल्या टेबलावर केला आणि जेवलेही तिथेच. तिथे दारू घ्यायलाच हवी असं नाही. तुम्ही घेतलीत तरी मी कुणाला सांगणार नाही.

मी ठीक. डॉक्टरांनी चार आठवडे बोगद्यात आत जायचं नाही म्हणून सांगितलंय, त्यामुळे बाहेर कंटेनरमध्ये बसून नकाशे बघते. विशेष काही नाही. तुमच्याशी एका गोष्टीबद्दल बोलायचं आहे, पण ते तुमच्या डोळ्यांचं सगळं आटोपल्यावर, समोरासमोर. उगाच डोकं शिणवू नका.

तुमची,
सून


१८ जानेवारी

चि. सूनबाईस आशीर्वाद.

अक्षर मोठं आहे त्याबद्दल माफ कर. डावा डोळा म्हणजे अंघोळीनंतरचा आरसा झालाय, सगळ्यावर वाफ. उजवा त्याचं काम सांभाळून घेतो, जसा मी तुझ्या सासूबाईंच्या मागे घर सांभाळतो. म्हणजे कसंबसं.

तुझा अंदाज खरा. ब्रेड आणला होता. पहिल्या दिवशी सूपच्या दुकानापर्यंत गेलो, दारातून आत डोकावलो, सगळी टेबलं जोडीजोडीची, आणि परत फिरलो. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी थोरल्या भावानं आतून हाक मारली, ‘अहो काका, रोज दार तपासायला येता का? सरकारी माणूस आहात की काय?’ मग मात्र जावंच लागलं.

बसलो आणि एक चमत्कार झाला. हातात पुस्तक नाही, समोर बोलायला माणूस नाही, म्हणून लोक बघायला लागलो. आणि जन्मभर कवळ्या बनवलेल्या माणसानं लोक बघायचे म्हणजे काय बघणार? दात! सूनबाई, मी कामात नुसते ठसे बघितले, साचे बघितले. त्या कवळ्यांनी माणसं पुढे कशी जेवतात हे बघायला कधी सवड मिळाली नाही. शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ पाव सूपमध्ये बुडवून उजव्या बाजूनेच चावत होते. कवळी डावीकडे टोचतेय, आणि बायकोपासून लपवतायत. मला इतकं राहवेना की उठून सांगणार होतो. धाकट्या भावानं वाटी पुढ्यात ठेवली म्हणून ते गृहस्थ वाचले.

धक्क्यावरही जाऊन आलो. त्या बाईनं काटे असे काढले की आमच्या दुकानात कारागीर म्हणून तिला आज ठेवून घेतली असती. आपल्या चिरंजिवांना कळवलं तर म्हणाले, ‘बाबा, एकटे रस्त्यानं फिरू नका.’ त्याला सांगितलं, तू तुझं दुकान बघ, मला माझी सून खायला पाठवते.

आता दुसरी गोष्ट. बोगद्यात जायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय, समोरासमोर सांगायचं आहे... सूनबाई, माझा एक डोळा गेलाय, दोन नाही. मी काही विचारत नाही. फक्त एवढंच, की जड उचलू नकोस आणि वेळेवर खा. सूपवाल्या धाकट्यापाशी मात्र माझ्या तोंडात तीळ भिजला नाही. ‘आजोबा होणार वाटतं,’ एवढंच बोललो. त्यानं वाटी पुन्हा भरून दिली.

तुझे,
बाबा


२६ जानेवारी

ती. बाबा,

तुमचं पत्र कंटेनरमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. कवळी टोचणाऱ्या गृहस्थांवर सगळे पोट धरून हसले. शेवटचा भाग अर्थात वाचला नाही.

बाबा, तसं काही नाही. माझा घोटा मुरगळलाय. ओल्या फळीवरून पाय घसरला, एवढंच. कृपा करून सूपवाल्यांना सांगा.

बंदराच्या बाजूला रोज जाऊ नका, तिथला वारा डोळ्यांना चांगला नाही. त्यापेक्षा जुन्या सिनेमागृहाच्या वर कॉफीची जागा आहे तिथे जा. लाकडी खुर्च्या, मोठी खिडकी. एक कप घेऊन संध्याकाळपर्यंत बसलात तरी कुणी उठवत नाही. केक मागाल तर कालचा मागा. तिथे आजच्यापेक्षा कालचा मऊ असतो. आणि बाजाराच्या टोकाला एक अंडीवाला आहे, त्याच्याकडे अंडी आणि बटाटा याशिवाय काही मिळत नाही, पण त्या दोन वस्तूंना त्यानं कुठे नेऊन ठेवलंय ते बघा. कॅप्टनकडे इतक्यात गेला नाहीत तरी चालेल. तिथे फार गोंगाट असतो.

पुढचं इंजेक्शन कधी? आदल्या दिवशी नीट झोपा.

तुमची,
सून


७ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,

इंजेक्शन झालं. दुखलं नाही. डॉक्टर म्हणाले, प्रगती आहे.

कॉफीच्या जागी गेलो होतो. खिडकी मोठी आहे. केक खाल्ला. अंडीवाल्याकडेही गेलो. बटाटा चांगला होता.

बंदरावर फिरायला गेलो तेव्हा कॅप्टनबाईंकडेही डोकावलो. गोंगाट नव्हता. बाई चांगल्या आहेत. तुझी आठवण काढत होत्या.

घोट्याला जप. थंडी आहे.

बाबा


१६ फेब्रुवारी

ती. बाबा,

तुमच्या पत्रात कुणाच्याही दातांचा उल्लेख नव्हता. तेव्हाच मला कळलं.

पुढच्या ट्रकनं कॅप्टनचा निरोप आला. बिचारी फार कष्टी झाली आहे. तिची चूक नाही. तुम्हाला माहीत असेलच असं तिनं धरून चालणं साहजिक होतं. माहीत असायलाच हवं होतं.

तर आता सांगते. आमचा घटस्फोट झाला. या हिवाळ्याच्या सुरुवातीलाच सह्या झाल्या. नंतर ही बोगद्याची बदली मी मागून घेतली. तुमच्या डोळ्यांचं तेव्हाच निघालं आणि आम्ही दोघांनी ठरवलं की उपचार संपेपर्यंत तुम्हाला सांगायचं नाही. एवढ्या एका गोष्टीवर आमचं पुष्कळ दिवसांनी एकमत झालं होतं.

कुणी वाईट वागलं नाही, बाबा. तसं असतं तर तुम्हाला सांगायला सोपं गेलं असतं. मी वर्षातले बहुतेक महिने कुठल्या ना कुठल्या डोंगरात. त्याला संध्याकाळी घरी आल्यावर दिवा लागलेला हवा होता. यात चुकीचं काय आहे? आणि मला डोंगर सोडवत नव्हते. आम्ही भांडलो असतो तर बरं झालं असतं. आम्ही फक्त शहाण्यासारखे वागत गेलो. मी घरी आले की तो विचारायचा, काम कसं चाललंय. मी विचारायची, दुकान कसं चाललंय. दोघंही म्हणायचो, छान. मग जेवायचो.

तुमची ती नातवाची गोष्ट वाचली तेव्हा मी बाहेर जाऊन खडी मोजणाऱ्या माणसाशी विनाकारण भांडून आले.

तुम्ही रागावला असाल तर तसं लिहा. पण लिहा. मला आईवडील नाहीत. त्या घरातून निघताना भांडीकुंडी, कपाट, काहीच मागे वळून बघावंसं वाटलं नाही. तुम्ही दुकानात कुणाची तरी कवळी घासत बसला होतात, मान वर न करता म्हणालात, ‘पोचलीस की कळव.’ त्याचंच जड गेलं.

खाली काय म्हणून सही करावी ते कळत नाही, म्हणून करत नाही.


४ मार्च

बाळ,

मधले दोन ट्रक मी मुद्दाम सोडले. रागात लिहिलेलं पत्र ट्रकमधून परत मागवता येत नाही.

हो, रागावलो होतो. घटस्फोटावर नाही. तो तुम्हा दोघांचा प्रश्न; मी कोण त्यात नाक खुपसणार? रागावलो ते तुम्ही मला काचसामान समजलात म्हणून. तुझ्या सासूबाईंच्या आजारात मी शेवटपर्यंत उभा होतो. मी काय दोन सह्यांनी फुटणार होतो? त्याला इथे बोलावून घेतलं आणि हेच ऐकवलं. खाली मान घालून बसला. मग म्हणाला, ‘बाबा, तुम्ही तिचं इतकं करता, मला सांगायची हिंमत झाली नाही.’ मी त्याला घेऊन सूप प्यायला गेलो.

कॅप्टनबाईंकडे काय झालं ते तुला नीट कळलेलं दिसत नाही. मी काउंटरपाशी जाऊन ऐटीत सांगितलं, ‘मी तुमच्या इंजिनीअरबाईंचा सासरा.’ बाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाल्या, ‘किती बरं झालं आलात! मला वाटलं होतं, कागदांवर सह्या झाल्या की तिकडचं कुणी तिचं नावही काढणार नाही.’

मी विचारलं, ‘कसले कागद?’

त्यांनी हात सोडला आणि फडकं घेऊन काउंटर पुसायला लागल्या. तो स्वच्छच होता. मीच म्हटलं, ‘राहू द्या. जेवायला काय आहे?’ त्यांनी तुझं कोपऱ्यातलं टेबल दाखवलं आणि समोर मटणाचा रस्सा आणि पाव आणून ठेवला. मी सगळं खाल्लं. चव काय होती ते विचारू नकोस. एक पेलाही घेतला, आणि हे कुणाला सांगायचं ते सांग, माझी हरकत नाही. निघताना बाई दारापर्यंत आल्या. मी विचारलं, ‘ती इथे आली होती तेव्हा कशी होती?’ म्हणाल्या, ‘रडली थोडी. मग म्हणाली, बाबांना एकट्यानं जेवता येत नाही, त्यांचं कसं होणार.’

मी त्या दिवशी बंदरापासून खोलीपर्यंत चालत आलो.

सूपवाल्यांनाही सांगून टाकलं, की नातू वगैरे काही नाही, माझा गैरसमज झाला. धाकट्यानं ऐकलं आणि तसाच आत थोरल्याकडे गेला. मला वाटलं पळी आणायला गेला. तर आतून बोलण्याचा आवाज. धाकटा थोरल्याला म्हणत होता, ‘काकांकडून आज पैसे घेऊ नकोस.’ थोरला म्हणाला, ‘मला शिकवू नकोस.’ शेजारची गिऱ्हाइकं चमचे खाली ठेवून ऐकत राहिली. न झालेल्या नातवानं निदान एक काम करून ठेवलं.

आता कामाचं बोलतो. शेवटचं इंजेक्शन महिनाअखेरीला. त्यानंतरच्या रविवारी तो मला न्यायला येणार आहे. तू त्या दिवशी ट्रकबरोबर खाली उतरू शकशील का? दुपारी एकत्र जेवू. तिघं. मी आधीच सांगून ठेवतो, मला काहीही जुळवून आणायचं नाही. इतकी वर्षं तुटलेल्या कवळ्या सांधल्या, त्यामुळे काय सांधतं आणि काय नाही हे मला कळतं. एकदा तरी आपण तिघांनी, कुणी कुणापासून काही लपवत नाही असं जेवावं, एवढंच. त्याला विचारलं, तो तयार आहे. तुला जड वाटत असेल तर सरळ नाही म्हण.

जागा मी निवडली आहे. तुझ्या यादीतली नाही. बस डेपोच्या वरच्या मजल्यावर ड्रायव्हर लोक जेवतात, तिथे. मीच शोधली. तुला ठाऊकही नसेल!

बाबा


१२ मार्च

ती. बाबा,

येते.

आणि डेपोच्या वर जेवायला मिळतं हे खरंच ठाऊक नव्हतं. माझ्या शहरात मला हरवलंत.


३ एप्रिल

ती. बाबा,

रविवारी अंधार पडायच्या आत वर पोचले. ट्रकवाल्यानं वाटेत टोमॅटोची एक पेटी माझ्या मांडीवर दिली होती, तीही सुखरूप आली.

जेवणाचं तुम्हाला काय सांगणार, तुम्ही समोरच होतात. ते लांब बाक, भिंतीवरचे टोप्या टांगायचे खिळे, आणि मेनू नाहीच. शिजलं असेल ते. घेवडा इतका साधा आणि इतका चांगला मी कधी खाल्ला नव्हता. तुम्ही आमच्यामध्ये न बसता पलीकडे बसलात आणि समोरच्या ड्रायव्हरला त्याच्या अक्कलदाढेबद्दल सल्ला देत राहिलात, म्हणजे आम्हाला एकमेकांकडे बघायचं की नाही ते आमचं आम्हाला ठरवता यावं. मला ते कळलं होतं.

वाढणाऱ्या बाई आल्या आणि आम्हा तिघांकडे बघून म्हणाल्या, ‘हा तुमचा मुलगा दिसतोच. आणि या?’ त्यानं ताटात बघितलं. मीही. तुम्ही जराही न अडखळता म्हणालात, ‘हिला अजून थोडं वाढा. लांब जायचंय तिला.’ त्या वेळी मी पाण्याचा ग्लास उचलला तो तहान लागली म्हणून नव्हता.

तुम्हाला माहीत नाही ते सांगते. तुम्हाला बाकावर बसवून तो मला ट्रकपर्यंत सोडायला आला, तेव्हा निम्म्या वाटेत एकदम थांबला. म्हणाला, ‘बाबांनी मला कधी असं वाढा म्हटलं नाही.’ मी म्हटलं, ‘तू लांब कुठे जातोस?’ आणि आम्ही दोघं रस्त्यात उभे राहून हसलो, बाबा. किती दिवसांनी. मग तो म्हणाला, घरी तो आता रेडिओ लावून जेवतो, आणि पहिल्यांदाच ‘छान’ न म्हणता म्हणाला, ‘कंटाळा येतो गं.’ मीही सांगितलं, मलाही इथे कधीकधी येतो. हे आम्ही घरात असताना बोललो असतो तर काय झालं असतं, कोण जाणे. आता बोललो म्हणून काही बदलणार नाही. आम्ही परत एकत्र येणार नाही. तुम्ही ते विचारलं नाहीत, म्हणून आपणहून सांगते. पण ट्रकमध्ये चढताना त्यानं मला हात दिला, आणि तो धरताना मला अवघडल्यासारखं झालं नाही.

घोटा बरा आहे. डॉक्टरांनी चाराचे बारा आठवडे केले होते, पण उद्यापासून आत जाते. डॉक्टरांनी शेवटी काय सांगितलं ते ट्रक गाठायच्या घाईत विचारायचं राहूनच गेलं. कळवा.


२२ एप्रिल

बाळ,

डॉक्टर म्हणाले, डावा डोळा आहे तिथेच राहील. सुधारणार नाही, पण बिघडणारही नाही. मी म्हटलं, या वयात हे उत्तर कुणालाही चालेल.

घरी आल्यापासून संध्याकाळी आम्ही दोघं बाहेर जेवायला जातो. रोज नाही, मनात आलं की. आमच्या गावात जागा दोनच, आणि त्यांतल्या एकीत मीठ जास्त. पण तो बोलतो हल्ली. काल अर्धा तास कवळीच्या साच्यासाठी वितळवायच्या मेणाबद्दल बोलला. मी ऐकलं. आपल्या धंद्याबद्दल आपल्याच मुलाकडून ऐकायला माणसाला बाहेर जावं लागतं, हे मला कुठे ठाऊक होतं?

परवा शेजारच्या काकू दुकानात आल्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मुद्द्यावर आल्या. ‘सूनबाई बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत. कधी येणार?’

तो आत होता. त्याचं ब्रश चालवणं थांबलेलं मला ऐकू आलं.

मी म्हटलं, ‘त्यांचा घटस्फोट झाला.’

काकूंनी ‘अरेरे’ म्हटलं, तोंडावर पदर धरला आणि पुढचं ऐकायला खुर्ची ओढून घेतली.

मी म्हटलं, ‘पुढच्या महिन्यात मी तिच्याकडे जाणार आहे. राहायला.’

काकूंना तोंड कसं करावं तेच कळेना. अर्धं अरेरेचंच राहिलं होतं. आतून ब्रश पुन्हा सुरू झाला.

तर तयारी ठेव. ट्रकवाल्याला माझं सांगून ठेव, पुढे बसायला जागा दे म्हणावं, मी टोमॅटो सांभाळीन. आठ-दहा दिवस राहीन. आणि तिथे खायला चांगलं कुठे मिळतं ते आधी कळव.

तुझे,
बाबा